'नाव जुळत नाही' की 'सर्व्हर बोलत नाही'? दोन चांदूर, एक आधार आणि काउंटरवरचा घोळ

अमरावती असो नाहीतर अकोला, आपले सरकार सेवा केंद्रात, बँकेत किंवा रेशन दुकानात ही दोन वाक्यं कधी ना कधी कानावर पडतातच.

पहिलं वाक्य, "सर्व्हर डाऊन हाय काका, उद्या येजा."

दुसरं वाक्य, "तुमचं नाव जुळत नाही."

पहिलं वाक्य ऐकून माणूस वैतागतो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. दुसरं वाक्य ऐकल्यावर मात्र त्याची पळापळ सुरू होते. आधी आधार केंद्राची रांग, मग पासबुक घेऊन बँक, मग सातबारा घेऊन तलाठी आणि शेवटी पैसे खर्चून प्रतिज्ञापत्र. यात तीन-चार दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच.

आता विचार करा. त्याचं नाव खरंच जुळत नसेल तर ही पळापळ कामाची आहे. पण नाव बरोबर असेल, घोळ दोन कॉम्प्युटरच्या बोलण्यात झाला असेल आणि तरी पडद्यावर 'नाव जुळत नाही' असंच येत असेल तर? मग माणूस चार दिवस जी चूक दुरुस्त करत फिरतो, ती मुळात त्याची नसतेच.

असं होऊ शकतं. का होऊ शकतं हे समजायला सॉफ्टवेअरवाल्यांच्या दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. एक नेमस्पेस आणि दुसरी एक्सेप्शन. नावं अवघड वाटतात, पण दोन्ही गोष्टी वऱ्हाडातल्या माणसाला रोजच्या व्यवहारातून आधीच ठाऊक आहेत.

आधी वेब सर्व्हिस म्हणजे काय ते बघू

आपण मोबाइलवर उघडतो ती वेबसाइट. ती माणसाने बघायची असते. पण एका मशीनला दुसऱ्या मशीनकडून काही विचारायचं असेल तर रंग, फोटो, बटणं यांचा उपयोग नसतो. तिथे ठरलेल्या साच्यात प्रश्न जातो आणि ठरलेल्या साच्यात उत्तर येतं. या व्यवस्थेला वेब सर्व्हिस म्हणतात.

रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन घ्या. तुम्ही बोट ठेवता. मशीन तो ठसा कुलूपबंद करून पुढे पाठवतं. तो आधी सेवा देणाऱ्या विभागाच्या सर्व्हरकडे जातो, तिथून आधारशी जोडलेल्या मध्यस्थ संस्थेकडे आणि शेवटी आधारच्या केंद्रीय साठ्याकडे. तिथून 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. तुमच्यासाठी हा काही सेकंदांचा खेळ असतो, पण वाटेत चार-पाच टप्पे असतात. त्यातला कुठलाही टप्पा अडखळू शकतो.

मशीनं एकमेकांना जो कागद पाठवतात, त्याचा एक जुना आणि सरकारी कामात भरपूर वापरला जाणारा साचा म्हणजे एक्सएमएल. वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ ला तो प्रमाण म्हणून जाहीर केला. कल्पना साधी आहे. प्रत्येक माहितीला तिच्या नावाची पाटी लावायची. हे नाव, हा पत्ता, ही रक्कम. पाटी बघून समोरच्या मशीनला कळतं की कुठे काय आहे.

माहिती जुळली नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने २०१७ ला बघितलं

२४ जून २०१७ ला राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. आकडा सांगितला होता ३४,०२२ कोटी रुपयांचा आणि लाभ मिळणार होता ८९ लाख शेतकऱ्यांना.

यावेळी पद्धत नवी होती. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा. बँकांनी आपल्याकडची माहिती ठरवून दिलेल्या ६६ रकान्यांमध्ये द्यायची. मग दोन्हीकडची माहिती कॉम्प्युटरने जुळवायची आणि यादी काढायची. १८ ऑक्टोबर २०१७ ला, ऐन दिवाळीत, काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं देऊन वाटपाची सुरुवातही झाली.

आणि मग घोळ बाहेर यायला लागला. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची खाती, अर्जातली माहिती एक आणि बँकेची माहिती दुसरी, अशा बातम्या महिनाभर येत राहिल्या. याद्या परत तपासाव्या लागल्या. पैसे खात्यात यायला वेळ गेला.

त्याच हंगामात विदर्भातल्या कापसावर गुलाबी बोंडअळी आली होती. जुनं पीक कर्ज थकलेलं असलं की बँक सहसा नवं कर्ज देत नाही. म्हणजे यादीतला एक महिन्याचा उशीर हा फक्त कागदावरचा उशीर नसतो. पुढच्या पेरणीचे पैसे कुठून आणायचे, बँकेतून की सावकाराकडून, हे त्याच्यावर ठरतं.

२०१७ चा घोळ मुख्यतः माहिती जुळण्याचा होता. पण त्यातून एक प्रश्न पुढे आला. दोन कार्यालयांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट असते का? इथे आपली पहिली कल्पना येते, नेमस्पेस.

चांदूर म्हणजे कोणतं चांदूर?

अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत. त्यातले दोन तालुके चांदूरच आहेत. एक चांदूर रेल्वे आणि एक चांदूर बाजार. दोन्ही अमरावती शहराच्या वेगवेगळ्या दिशांना. बसमध्ये बसून नुसतं "एक चांदूर द्या" म्हटलं तर कंडक्टर विचारणारच, "रेल्वे की बाजार?"

वऱ्हाडात अशी उदाहरणं जागोजागी सापडतात. नांदगाव खंडेश्वर आणि नांदगाव पेठ. अंजनगाव सुर्जी आणि अंजनगाव बारी. धामणगाव रेल्वे आणि धामणगाव गढी. अकोल्याकडे बोरगाव मंजू. लोकांनी कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी हा प्रश्न सोडवून ठेवलाय. मूळ नाव तेच ठेवायचं आणि कोणतं ते कळावं म्हणून सोबत एक खूण जोडायची.

एक्सएमएलमध्ये नेमकं हेच करतात आणि त्या खुणेला नेमस्पेस म्हणतात. 'हे नाव कोणाच्या घरातलं' हे सांगणारी खूण. याचा नियम १४ जानेवारी १९९९ ला प्रमाण झाला, म्हणजे एक्सएमएल आल्यावर वर्षाच्या आत. कारण दोन संस्थांचे कागद एकत्र आले की पाट्यांची टक्कर होते, हे लगेच लक्षात आलं होतं.

टक्कर कशी होते याचं उदाहरण शेतकऱ्याच्या पिशवीतच आहे. त्याच्याकडे आठ-अ चा उतारा असतो. त्यावर 'खाते क्रमांक' असतो. त्याच्याकडे बँकेचं पासबुक असतं. त्यावरही 'खाते क्रमांक' असतो. शब्द तोच, पण एक जमिनीचं खातं आणि दुसरं पैशाचं. माणूस कागद बघूनच ओळखतो. मशीनला दोन्ही कागद एका लिफाफ्यात मिळाले आणि दोन्हीवर फक्त 'खाते क्रमांक' ही पाटी असली, तर त्याने कोणतं खातं कर्जाचं समजायचं?

म्हणून पाटीवर 'महसूल:खाते क्रमांक' आणि 'बँक:खाते क्रमांक' असं लिहायचं. विसर्गासारख्या दोन ठिपक्यांच्या आधीचा शब्द म्हणजे उपसर्ग. पण तो फक्त टोपणनाव असतो. खरी ओळख कागदाच्या सुरुवातीला एका लांबलचक नावाने दिलेली असते. 'या कागदात जिथे बँक म्हटलंय, तिथे अमुक संस्थेचा अमुक साचा समजावा', असं ते सांगणं असतं.

ते लांबलचक नाव बहुतेक वेळा वेबसाइटच्या पत्त्यासारखं दिसतं. त्यामुळे नवे प्रोग्रॅमर फसतात. त्यांना वाटतं की हा पत्ता उघडला की काहीतरी दिसेल. तसं काही बंधन नाही. तिथे एखादं पान असेल किंवा काहीच नसेल. पत्त्याचा साचा एवढ्यासाठीच वापरतात की जगात दुसऱ्या कोणाचं तेच नाव नसावं.

आणि हे नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली, लहान अक्षराच्या जागी मोठं आलं किंवा आवृत्तीचा आकडा वेगळा लागला, की मशीनच्या लेखी ते घरच वेगळं. आधारचंच बघा. ओळख पटवण्याच्या विनंतीचा नेमस्पेस वेगळा आहे आणि ई-केवायसीच्या विनंतीचा वेगळा. दोन्ही एकाच प्राधिकरणाचे आहेत, पण कामं दोन म्हणून घरंही दोन.

सरकारी कारभारातही या विचाराची एक आवृत्ती आहे. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला स्वतंत्र आकडी कोड देते. नावं सारखी असली तरी कोड वेगळे राहतात.

घोळ इथे होतो, आणि आवाज न करता होतो

चांदूर रेल्वेतली माणसं आपसात बोलताना 'रेल्वे' म्हणत बसत नाहीत. नुसतं चांदूर म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. एक्सएमएलमध्येही ही सोय आहे. कागदाच्या माथ्यावर एकदाच लिहायचं की 'यापुढे काही वेगळं सांगितलं नाही तर सगळी नावं या घरातली समजा'. याला डिफॉल्ट नेमस्पेस म्हणतात. मग आतल्या पाट्यांवर उपसर्ग दिसतच नाही.

आणि नेमकी इथेच ठेच लागते.

समजा बँकेकडून आलेल्या कागदावर 'नाव' अशी पाटी आहे, उपसर्ग काही नाही, पण माथ्यावर डिफॉल्ट नेमस्पेस लिहिलेला आहे. प्रोग्रॅमरने कागद उघडून बघितला. त्याला 'नाव' दिसलं. त्याने मशीनला सांगितलं, 'नाव शोध'. मशीनने उत्तर दिलं, 'अशी पाटी नाही'.

प्रोग्रॅमर डोळे चोळतो. समोर तर दिसतेय! पण मशीनचं बरोबर आहे. त्याला 'कोणत्याही घरातलं नसलेलं नाव' शोधायला सांगितलं होतं आणि कागदावर होतं ते 'बँकेच्या घरातलं नाव'. चांदूर रेल्वेत उभं राहून बाहेरच्याने नुसतं चांदूर शोधावं, तसं हे झालं.

यात वाईट काय, तर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये अशा वेळी कुठलाही भोंगा वाजत नाही. पाटी सापडली नाही की मशीन रिकामी जागा परत देतं. पुढचा प्रोग्रॅम ती रिकामी जागा उचलतो आणि शेतकऱ्याच्या अर्जातल्या नावाशी जुळवतो. एका बाजूला पूर्ण नाव, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. जुळतं का? नाही. मग पडद्यावर काय येतं?

'नाव जुळत नाही.'

नाव होतं. बरोबरही होतं. वाचणाऱ्याने चुकीच्या घरात शोधलं. शिक्षा मात्र काउंटरच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला.

यावर उपाय अवघड नाही. प्रोग्रॅमने आधी विचारायचं, 'मला नाव मिळालं का?' नसेल मिळालं, तर जुळवणीच्या भानगडीत न पडता तिथेच थांबायचं आणि 'माहिती वाचता आली नाही' असं स्पष्ट सांगायचं. 'रिकामं' आणि 'वेगळं' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असलं की पुष्कळ फेऱ्या वाचतात.

'नाही' हे उत्तर आणि उत्तरच नाही, यात फरक आहे

आता दुसरी कल्पना, एक्सेप्शन. सरळ चाललेल्या कामात आलेली अशी अडचण, की जिच्यामुळे पुढचं पाऊल टाकता येत नाही. मग ती पकडायची, ओळखायची आणि तिच्या प्रकाराप्रमाणे पुढचं ठरवायचं, याला एक्सेप्शन हाताळणं म्हणतात.

वेब सर्व्हिसमध्ये अडचण आली तर ती समोरच्याला कशी कळवायची, याचा एक चांगला नमुना सोप नावाच्या पद्धतीत आहे. सोप म्हणजे साबण नव्हे. एक्सएमएलचे कागद लिफाफ्यात घालून पाठवण्याची ही रीत आहे. तिची १.१ ही आवृत्ती मे २००० मध्ये आली आणि १.२ ही २४ जून २००३ ला प्रमाण झाली.

यात नियम असा की काम झालं तर लिफाफ्यात उत्तर येईल आणि नाही झालं तर त्याच लिफाफ्यात 'फॉल्ट' नावाची चिठ्ठी येईल. १.१ मध्ये त्या चिठ्ठीवर चारपैकी एक शेरा असायचा.

पहिला, क्लायंट. म्हणजे पाठवणाऱ्याच्या कागदात चूक आहे. तोच कागद पुन्हा पाठवून उपयोग नाही, आधी दुरुस्त करा.

दुसरा, सर्व्हर. म्हणजे कागद ठीक आहे, अडचण आमच्याकडे आहे. थोड्या वेळाने तोच कागद पाठवलात तर काम होऊ शकेल.

तिसरा, आवृत्ती जुळत नाही. आणि ही आवृत्ती ओळखायची कशी, तर लिफाफ्याच्या नेमस्पेसवरून! १.१ च्या लिफाफ्याचा नेमस्पेस वेगळा आणि १.२ चा वेगळा. चुकीचा दिसला की मशीन आत काय आहे ते न बघताच लिफाफा परत करतं.

चौथा, 'समजणं सक्तीचं आहे' अशी खूण असलेला मजकूर मला समजला नाही. म्हणजे अर्धवट समजून काम पुढे रेटण्यापेक्षा थांबलेलं बरं.

१.२ मध्ये क्लायंट आणि सर्व्हर ही नावं बदलून 'पाठवणारा' आणि 'घेणारा' या अर्थाची केली. कल्पना तीच राहिली. चूक कोणाच्या अंगणात आहे, हे आधी सांगा.

१.२ मध्ये आणखी एक सोय आहे, जिच्याकडे आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही. अडचणीचं कारण एकाच चिठ्ठीत अनेक भाषांत लिहिता येतं आणि प्रत्येक मजकुराला भाषेची खूण लावता येते. मराठीसाठीही अशी अधिकृत दोन अक्षरी खूण आहे. म्हणजे 'तुमची माहिती बरोबर आहे, आमची यंत्रणा बंद आहे, तासाभराने या' हे वाक्य थेट मराठीत पाठवायला नियमाची काहीच आडकाठी नाही.

आधारच्या उत्तरात काय काय दडलेलं असतं

आधारची ओळख पटवणारी सेवा सोप वापरत नाही. ती साधा एक्सएमएल कागद सुरक्षित वेबमार्गाने पाठवते. पण अडचण सांगायची गरज तिलाही आहेच.

तिच्या उत्तरात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे 'हो' किंवा 'नाही'. दुसरी म्हणजे, 'नाही' असेल तर त्याचा कोड. या कोडची यादी भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने जाहीर केलेली आहे. त्यातले काही बघा.

* १०० : नाव वगैरे मूळ माहिती जुळली नाही.
* ३०० : बोटाचा ठसा किंवा तत्सम जैविक माहिती जुळली नाही.
* ३३० : माणसाने स्वतःच आपली जैविक माहिती लॉक करून ठेवलीय.
* ५१० : पाठवलेल्या एक्सएमएलचा साचाच चुकीचा आहे.
* ५६१ : विनंती शिळी झाली, तिची वेळ उलटून गेली.
* ५६२ : विनंतीवरची वेळ भविष्यातली आहे, म्हणजे मशीनचं घड्याळ पुढे आहे.
* ५६५ : विनंती पाठवणाऱ्या संस्थेच्या परवान्याची मुदत संपली.
* ९३० ते ९३९ : आधारच्याच सर्व्हरमध्ये तांत्रिक अडचण.
* ९९८ : आधार क्रमांक चुकीचा आहे किंवा त्याची माहिती उपलब्ध नाही.

आता यादी परत एकदा वाचा. यातल्या किती गोष्टी रेशन घ्यायला आलेल्या बाईच्या हातात आहेत? ३०० आला तर ती दुसरं बोट लावून बघू शकते. ३३० आला तर लॉक काढू शकते. पण ५१० ही प्रोग्रॅमरची चूक आहे. ५६२ म्हणजे घड्याळ बिघडलंय. ५६५ म्हणजे संस्थेने परवान्याकडे दुर्लक्ष केलंय. ९३० च्या पुढे तर थेट आधारचीच अडचण.

तरी या प्रत्येक उत्तरात पहिला शब्द 'नाही' हाच असतो.

म्हणजे काउंटरवरच्या मशीनचा प्रोग्रॅम जर फक्त 'हो की नाही' एवढंच वाचत असेल आणि कोड टाकून देत असेल, तर घड्याळ चुकलेलं असो, परवाना संपलेला असो की ठसा न जुळलेला असो, पडद्यावर एकच ओळ येणार, 'ओळख पटली नाही'. शेतात राबून, कापूस वेचून आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेघा पुसट झाल्यात, त्यांना वाटणार की पुन्हा आपलंच बोट नडलं. ते दहा वेळा बोट लावत बसणार आणि घड्याळ तसंच पुढे राहणार.

नावाचंही तसंच. 'वानखडे' हे आडनाव इंग्रजीत चार जण चार तऱ्हांनी लिहितात. मराठीत ते एकच असतं. आधारच्या तपासणीच्या साच्यात नाव भारतीय भाषेतही पाठवायची जागा ठेवलेली आहे. मराठीला तिथे १३ हा भाषा क्रमांक आहे. शिवाय नाव पूर्ण जुळायला हवं की काही टक्के जुळलं तरी चालेल, हेही विनंती पाठवणाऱ्याला सांगता येतं. म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरून माणूस परत पाठवायचाच, असा काही कॉम्प्युटरचा हट्ट नाही. साचा ठरवणाऱ्या माणसाने काय निवडलं, त्यावर ते असतं.

तिसरी गोष्ट, काहीच उत्तर न येणं

'हो' आलं, ठीक. 'नाही' आलं, कोड बघू. पण उत्तरच आलं नाही तर?

धारणी आणि चिखलदरा, म्हणजे मेळघाट. डोंगर, जंगल आणि नेटवर्कचा लपंडाव. मशीनने विनंती पाठवली, वर्तुळ फिरत राहिलं आणि शेवटी वेळ संपली. आता खरी पंचाईत अशी की काय झालं ते मशीनला ठाऊकच नसतं. विनंती पोचलीच नाही की पोचली, काम झालं आणि उत्तर परत येताना रस्त्यात हरवलं?

पहिलं झालं असेल तर पुन्हा पाठवायला हरकत नाही. दुसरं झालं असेल आणि मशीनने नवी विनंती म्हणून पाठवली, तर धान्य दोनदा दिल्याची नोंद किंवा पैसे दोनदा कापल्याची नोंद होऊ शकते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराला एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक लावायचा. मग समोरचा सर्व्हर ओळखतो की हे काम आधी झालंय आणि दुसऱ्यांदा न करता जुनंच उत्तर परत देतो. बँकेत पैसे भरल्यावर पावती नंबर जपून ठेवतात ना, तसंच. आधारच्या विनंतीतही असा व्यवहार क्रमांक असतो, आणि तीच विनंती जशीच्या तशी दुसऱ्यांदा आली तर ती परत पाठवायला ५६३ हा कोड आहे.

एकूण काय, चांगला प्रोग्रॅम तीन उत्तरं वेगळी ठेवतो. 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही'. तिसऱ्याला दुसऱ्यात ढकललं की अन्याय सुरू होतो.

मशीन हरलं की माणसाने काय करायचं, हेही लिहिलेलं आहे

गंमत म्हणजे प्रोग्रॅमर ज्याला एक्सेप्शन हाताळणं म्हणतात, तोच शब्द सरकारी कागदातही आहे.

आधारवर पहिला क्रमांक मिळाला तो महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. पुढच्या काही वर्षांत रेशन, पेन्शन, अनुदान सगळं त्याला जोडलं गेलं. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एका ११ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. आधार न जोडल्याने रेशन बंद झालं आणि ती उपाशी गेली, असं घरच्यांचं म्हणणं होतं. प्रशासनाने कारण मलेरिया सांगितलं. देशभर चर्चा झाली.

त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ ला आधार प्राधिकरणाने एक परिपत्रक काढलं. विषयच होता रेशन आणि इतर कल्याणकारी योजनांमधलं एक्सेप्शन हाताळणं. त्याचा गाभा असा, की ओळख पटवताना मशीन, नेटवर्क किंवा ठसा यांच्यामुळे अडचण आली, तर लाभ नाकारायचा नाही. दुसरा मार्ग वापरायचा. तोही नसेल तर कार्ड बघून लाभ द्यायचा आणि त्याची नोंद वेगळ्या वहीत करायची. या नोंदी नंतर तपासायच्या, म्हणजे त्यांचा गैरवापर होणार नाही.

प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर हेच करायला हवं. अडचण पकडा, काम थांबू देऊ नका, नोंद ठेवा, नंतर तपासा.

महाराष्ट्राच्या पुढच्या कर्जमाफीतही याची छाया दिसते. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंतच्या कर्जासाठी. यावेळी शेतकऱ्याने लांबलचक अर्ज भरायचा नव्हता. यादी आधी लावायची, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक द्यायचा आणि त्याने केंद्रात जाऊन आधार क्रमांक आणि कर्जाची रक्कम बरोबर आहे का एवढं सांगायचं. २४ फेब्रुवारी २०२० ला ६८ गावांची पहिली यादी लागली.

यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'बरोबर नाही' म्हणायलाही जागा होती. आधार किंवा रक्कम मान्य नसेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जायचं. म्हणजे न जुळलेला माणूस यादीतून गळत नव्हता, तो वेगळ्या रांगेत जात होता. त्या रांगेत वेळ लागतो हे खरं, पण रांग आहे आणि तिला पत्ता आहे.

मग तुम्ही काय करायचं?

पुढच्या वेळी 'जुळत नाही' ऐकलं, तर लगेच आधार केंद्र गाठू नका. आधी चार गोष्टी विचारा.

१. पडद्यावर एरर कोड आहे का? असेल तर लिहून घ्या किंवा फोटो काढा. ५०० च्या पुढचे बरेच कोड तुमच्या बोटाशी किंवा नावाशी संबंधित नसतात.

२. नाव जुळत नाही म्हणजे कोणतं कोणाशी जुळत नाही? आधारचं बँकेशी, की बँकेचं सातबाऱ्याशी? आणि समोरच्या यंत्रणेत नेमकं काय नाव दिसतंय? तिथे रिकामी जागा दिसत असेल तर चूक तुमच्या स्पेलिंगची नसण्याची शक्यता मोठी.

३. अजून कोणाचं अडकलंय का? रांगेतल्या दहाही जणांचं 'नाव जुळत नसेल', तर दहा जणांनी एकाच दिवशी नाव बदललेलं नसतं.

४. रेशन असेल तर अपवादाच्या नोंदवहीत नोंद करून धान्य द्या, असं सांगा. इतर ठिकाणी व्यवहार क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी पुण्यात, नागपुरात किंवा अमरावतीत बसून अशा यंत्रणांचं सॉफ्टवेअर लिहीत असेल, तर त्याच्यासाठी एकच. रिकाम्या जागेला चुकीचं नाव समजू नका, कोड टाकून देऊ नका आणि 'आमची यंत्रणा बंद आहे' हे वाक्य मराठीत लिहायला लाजू नका. त्या एका वाक्याने चांदूर बाजारच्या माणसाचे चार दिवस वाचतात.